झॉफ चाळिसाव्या वर्षी खेळला, मग मी का थांबू?

पत्र, थोडक्यात :

सर, माझं वय 34. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या टीमचा मी गोलकीपर. चौदा सीझन झाले. पोटापाण्याला एमआयडीसीत लेथवर आहे. गेल्या महिन्यात सेमीफायनलला शेवटची पाच मिनिटं राहिली असताना जवळजवळ सेंटरवरनं मारलेला बॉल माझ्या डोक्यावरनं आत गेला. एक-शून्यनं हरलो. त्याचा व्हिडिओ पेठेत घरोघरी फिरला, त्याला गाणं लावलंय, वर लिहिलंय 'आजोबा'. टीमनं एकोणीस वर्षांचा पोरगा आणलाय. बायको म्हणते, आता बास. माझी झोप उडालीय, रात्री दोन-अडीचला जाग येते आणि तोच बॉल दिसतो. माझ्या वडिलांनी एक कात्रण जपून ठेवलं होतं, इटलीचा गोलकीपर दिनो झॉफ वर्ल्ड कप धरून उभा आहे त्याचं. ते म्हणायचे, हा माणूस चाळिसाव्या वर्षी जिंकला. मग मी चौतिसाव्या वर्षी का थांबू? की थांबूच? तुम्ही स्वतः गोलकीपर होता म्हणून विचारतोय.

उत्तर :

भाऊ,

तुमच्या वडिलांनी जपलेला फोटो मलाही पाठ आहे. 11 जुलै 1982, माद्रिद. इटलीनं पश्चिम जर्मनीला 3-1 हरवलं आणि चाळीस वर्षांच्या कप्तानानं कप डोक्यावर धरला. वर्ल्ड कप जिंकलेला इतक्या वयाचा खेळाडू त्याआधी कोणी नव्हता. इटलीच्या टपाल खात्यानं त्या विजयाचं तिकीट काढलं, त्यावर चेहरा नाही, कप धरलेले हात आहेत. गोलकीपरचे हात.

पण त्या फोटोच्या चार वर्षं आधीचं कात्रण कोणी जपून ठेवत नाही. तुमच्या पत्राला खरं तर ते लागू पडतं, म्हणून आधी ते सांगतो.

1978, अर्जेंटिना. हॉलंडविरुद्धची मॅच जिंकली असती तर इटली फायनलला गेली असती, आणि हाफ टाइमला इटली पुढे होती. मग दुसऱ्या हाफमध्ये एर्नी ब्रांड्सनं बॉक्सच्या बाहेरून मारला, गोल. त्यानंतर आरी हाननं तीस मीटरच्या पलीकडून मारला, बॉल खांबाच्या आतल्या अंगाला लागून जाळीत. फायनल गेली. तीन दिवसांनी तिसऱ्या नंबरसाठी ब्राझीलशी मॅच, पुन्हा इटली पुढे, पुन्हा दोन गोल, नेलिन्योचा आणि दिर्सेउचा, दोन्ही बाहेरूनच. दोन मॅचमध्ये चार गोल आणि चारही लांबून! झॉफ छत्तीस वर्षांचा होता. इटलीतल्या पेपरांनी लिहिलं, म्हातारा झाला, त्याला लांबचं दिसत नाही. तुम्हाला एका पेठेनं आजोबा म्हटलं, त्याला अख्ख्या देशानं म्हटलं. आणि हानचा तो गोल आजही कुणीही मोबाइलवर काढून बघू शकतो, म्हणजे व्हिडिओचं दुखणं त्यालाही सुटलेलं नाही.

त्याला हे नवीनही नव्हतं. तो इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मारियानो देल फ्रिउली नावाच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरातला, जन्म 1942 चा. चौदाव्या वर्षी इंटर आणि युव्हेंटस या दोन मोठ्या क्लबांनी त्याला बघून परत पाठवलं, उंची कमी म्हणून. आजीनं त्याला रोज आठ अंडी खायला घातली अशी गोष्ट तिकडं सांगतात. दरम्यान तो मेकॅनिकचं काम शिकत होता आणि गावच्या टीमकडून खेळत होता. तुम्ही लेथवर, तो इंजिनवर. तुमच्यातलं आणि त्याच्यातलं हे साम्य मला कपापेक्षा मोठं वाटतं. पुढं उदिनेसेनं घेतलं आणि 1961 मध्ये पहिल्या दर्जाच्या लीगमधली पहिली मॅच मिळाली, फिओरेंतिनाशी. पाच गोल खाल्ले. पहिल्याच मॅचला पाच. त्या सीझनला टीम खालच्या लीगमध्ये गेली.

मग मांतोव्हा, मग नापोली. इटलीच्या संघात यायला वयाची सव्वीस वर्षं लागली. आला तो 1968 च्या एप्रिलमध्ये, आणि जूनमध्ये युरोप जिंकलेल्या टीमचा गोलकीपर होता. वाटेल, आता बस्तान बसलं. पण 1970 च्या मेक्सिकोच्या वर्ल्ड कपला खेळला एन्रिको आल्बेर्तोसी. झॉफ बेंचवर बसून सगळं बघत राहिला. युरोपचं मेडल घरी ठेवून बेंचवर बसणं काय असतं, हे एकोणीस वर्षांचा पोरगा आलेल्या माणसाला मी सांगायला नको.

1972 ते 1974 या काळात त्यानं इटलीकडून 1142 मिनिटं गोल खाल्ला नाही. तो विक्रम मोडला कोणी? ब्राझीलनं नाही, जर्मनीनं नाही. हैतीनं. इमान्युएल सानों नावाचा फॉरवर्ड एकटा बॉल घेऊन सुटला, झॉफला चुकवून बाजूनं गेला आणि मोकळ्या जाळीत टाकला. गोलकीपरचं आयुष्य असंच मोजलं जातं, भाऊ. अकराशे मिनिटं अडवलेलं एका आकड्यात मावतं आणि आत गेलेल्या एका बॉलला नाव, गाव, तारीख मिळते.

आता 1978 नंतर काय झालं ते. मॅनेजर होते एन्झो बेआरझोत. त्यांनी झॉफला काढलं नाही. आणि झॉफनं स्वतः काय केलं? भाषणं केली नाहीत. मुळात अबोल माणूस. तो युव्हेंटसला परत गेला आणि पुढच्या मॅचला उभा राहिला, त्याच्या पुढच्यालाही. 1972 ला तिसाव्या वर्षी त्या क्लबात गेला तेव्हापासून 1983 पर्यंत, अकरा सीझन, दर सीझनला तीस मॅच, लीगची एकही मॅच चुकली नाही. 330 ओळीनं. मला त्याच्या सगळ्या कपांपेक्षा हा आकडा जवळचा वाटतो, कारण यात नशीब कमी आहे आणि सकाळी उठणं जास्त आहे.

1982 ला स्पेनमध्ये इटलीनं पहिल्या तिन्ही मॅच बरोबरीत काढल्या. पेपर इतके तुटून पडले की खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. टीमच्या वतीनं बोलायचं काम आलं कप्तानावर, म्हणजे जो सगळ्यात कमी बोलतो त्याच्यावर! मग 5 जुलैला बार्सिलोनात ब्राझील. पावलो रॉसीचे तीन गोल सगळ्यांना माहीत असतात. तुम्ही मात्र शेवटची दोन-तीन मिनिटं बघा. इटली 3-2 नं पुढे, बरोबरी झाली तरी ब्राझील पुढे जाणार. डावीकडून फ्री किक आली, ऑस्करनं हेडर मारला, खाली, खांबाजवळ. झॉफ डावीकडं पडला आणि बॉल रेषेवर धरला. धरला, ढकलला नाही. ढकलला असता तर समोर दोन-तीन पिवळे शर्ट उभे होते. ब्राझीलवाले हात वर करून गोल मागतायत आणि हा बॉल पोटाखाली घट्ट दाबून आडवा पडलाय.

ही सेव्ह मी माझ्या शाळेतल्या पोरांना कितीदा दाखवली याची गणती नाही. तिच्यात उडी फार मोठी नाही. आधी घेतलेली जागा बरोबर आहे आणि हात पक्के आहेत. वयाबरोबर पाय जातात, उडी जाते, पण जागा घेणं आणि बॉल चिकटवणं सरावानं टिकतं. झॉफ उड्या मारून टाळ्या घेणारा गोलकीपर नव्हताच, म्हणून तो चाळिशीपर्यंत टिकला, असं माझं मत आहे.

आता तुमचा प्रश्न. तो खेळला, मग तुम्ही का नाही?

खरं सांगतो, झॉफच्या चाळिशीवर तुम्ही तुमचा हिशेब मांडू नका. त्याचं पोट फुटबॉलवर होतं. रोज सकाळी सराव, मसाजवाला, डॉक्टर, आणि 1978 नंतरही पाठीशी उभा राहिलेला मॅनेजर. तुम्ही आठ तास मशीनवर उभे राहून संध्याकाळी ग्राउंडवर जाता. तुमचा गुडघा आणि त्याचा गुडघा एका वयाचे नाहीत. तुमच्या बोटाला काही झालं तर मॅचबरोबर हजेरीही बुडते. तुमच्या बायकोचं 'बास' हे बहुतेक या बोटांसाठी आहे, त्या गोलासाठी नाही. वहिनींना एकदा नीट विचारा, त्या नेमकं कशाला घाबरतात.

पण म्हणून थांबा असंही मी म्हणत नाही. चौतीस हे गोलकीपरचं म्हातारपण नव्हे. माझं सांगणं एवढंच आहे की हा निर्णय त्या गोलाला घेऊ देऊ नका. माझा मी असा एकदा घेऊ दिलाय.

चोवीस वर्षांचा होतो. जिल्ह्याची फायनल, पाऊस पडून गेलेला, गोलपुढचा चिखल तुम्हाला माहीत आहेच, पाय ठेवला की पायाचा ठसा पाण्यानं भरायचा. साधा, सरपटत आलेला बॉल. मी वाकलो, तो माझ्या समोर चिखलात थबकला असं वाटलं, मी हात पुढं नेले आणि तो दोन्ही पायांमधून गेला. मागं वळून बघितलं तर जाळीपर्यंतही गेला नव्हता, रेषेच्या आत वीतभर चिखलातच रुतून बसला होता. वीतभर. त्याच संध्याकाळी मी ग्लोव्हज एका मित्राला देऊन टाकले आणि सांगितलं, संपलं. घरी कोणी काही बोललं नाही, टीममधलंही कोणी काही बोललं नाही. मीच रागानं संपवलं. पुढं पीटी शिक्षक झालो, तीस वर्षं पोरांना खेळवलं, सगळं चांगलं झालं. पण खेळ सोडल्याचं मला दुःख नाही, त्या दिवशी सोडल्याचं आहे. कारण माझी शेवटची मॅच म्हटलं की आजही तो चिखलातला बॉल येतो, दुसरं काही येतच नाही.

झॉफचा शेवट कसा झाला बघा. 25 मे 1983, अथेन्स, युरोपियन कपची फायनल, युव्हेंटस विरुद्ध हॅम्बुर्ग. सुरुवातीच्याच काही मिनिटांत फेलिक्स मागाथनं बॉक्सच्या बाहेरून मारला. परत लांबून! बॉल वरच्या कोपऱ्यात, 1-0, आणि तोच निकाल राहिला. हा कप त्याला कधीच मिळाला नाही. चार दिवसांनी तो स्वीडनमध्ये इटलीकडून उभा राहिला, त्याची 112 वी मॅच. तीही हरले. त्यानंतर तो थांबला, एकेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे शेवट गोडही नव्हता, हेही लक्षात ठेवा. पण मागाथच्या गोलानंतर तो एकदा तरी परत त्या दोन खांबांमध्ये जाऊन उभा राहिला होता. तेवढं तुम्ही करा. सीझनची एक मॅच, अगदी फ्रेंडली असली तरी चालेल, खेळा. मग ठरवा.

थांबल्यावर काय, हा तुमच्या पत्रात न लिहिलेला प्रश्न आहे. झॉफ थांबला आणि युव्हेंटसमध्येच गोलकीपरांना शिकवू लागला. नंतर इटलीच्या ऑलिंपिक संघाचा कोच, मग 1988 ला युव्हेंटसचा. त्याचा मदतनीस होता गाएतानो शिरेआ, त्याचा जुना साथीदार, वर्षानुवर्षं एकाच खोलीत राहिलेला, त्याच्यासारखाच शांत. सप्टेंबर 1989 मध्ये शिरेआ पोलंडमध्ये पुढच्या प्रतिस्पर्ध्याची मॅच बघायला गेला आणि तिथं गाडीच्या अपघातात गेला. वय छत्तीस. त्या सीझनला झॉफच्या टीमनं इटलीचा कप आणि युएफा कप, दोन्ही जिंकले, आणि सीझन संपल्यावर क्लबनं झॉफला जायला सांगितलं. दोन कप देऊन. कोचचं आयुष्यही गोलकीपरपेक्षा फार वेगळं नसतं.

मग लात्सिओ, तिथं तो आधी कोच आणि नंतर क्लबचा अध्यक्षही झाला. 1998 ला इटलीचा कोच. 2000 ची युरो फायनल, रॉटरडॅम, फ्रान्सशी. इटली 1-0 पुढे, नव्वद मिनिटं संपली, वरची तीन मिनिटं संपली, चौथ्या मिनिटाला विल्तोर्दनं बरोबरी केली. मग त्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेतला पहिला गोल, ज्यावर मॅच तिथंच संपते. दुसऱ्या दिवशी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी, तेव्हाचे विरोधी पक्षनेते आणि एसी मिलानचे मालक, जाहीरपणे झॉफच्या डावपेचांवर तुटून पडले. झिदानला मोकळं का सोडलं, वगैरे. झॉफनं राजीनामा दिला.

तुम्ही म्हणाल, सर, हा तर तुमच्यासारखाच रागानं सोडून गेला. या राजीनाम्याबद्दल माझं मत अनेकदा बदललं आहे. पूर्वी मला वाटायचं, थांबायला हवं होतं. आता वाटतं, तो हरल्यामुळं गेला नाही. हरणं त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या कामाचा अपमान झाला असं त्याला वाटलं, म्हणून गेला. हरल्याची लाज वाटून सोडणं आणि मान राखण्यासाठी सोडणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. आतून तुम्हालाच ओळखाव्या लागतील. आणि राजीनाम्यानं त्याचं काम संपलं नाही. 2005 मध्ये फिओरेंतिनाला, हो, पहिल्या मॅचला पाच गोल घालणाऱ्या त्याच क्लबाला, खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचवायला तो मदतीला गेला आणि वाचवलंही.

आता झोपेचं, आणि हे नीट वाचा. जियानलुइजी बुफोन तुम्हाला माहीतच असेल. पंचविशीत, युव्हेंटसचा आणि इटलीचा पहिल्या नंबरचा गोलकीपर असताना, 2003-04 च्या सीझनमध्ये त्याला नैराश्यानं गाठलं. त्यानं पुढं स्वतः उघडपणे सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेतली हेही सांगितलं. त्यानंतर दोन वर्षांनी तो वर्ल्ड कप जिंकला आणि 2023 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होऊन लगेच इटलीच्या संघासोबत अधिकारी म्हणून काम करू लागला. महिनाभर रात्री दोनला जाग येते, हे मन घट्ट करून जाणारं प्रकरण नाही. डॉक्टरला दाखवा. जायला संकोच वाटत असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत फोन सेवा आहे, 14416, मराठीत बोलता येतं. रात्रीही लागतो. आणि अपुऱ्या झोपेनं लेथवर उभं राहणं किती धोक्याचं आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

तो व्हिडिओ एकदा बघा. गाणं बंद करून, कोचबरोबर बसून, एकदाच. बॉल मारला तेव्हा तुमचे पाय कुठं होते? तुम्ही किती पुढं आला होतात? मागं पळताना बॉलकडं पाठ केलीत का? यातली एक चूक सापडेल आणि ती सरावात दुरुस्त होणारी असेल. आणि दिसायलाच उशीर झाला असेल तर डोळे तपासून घ्या. अंधुक उजेडातल्या मॅचला हे फार होतं. मग तो व्हिडिओ फोनमधून काढून टाका.

कोचला सरळ विचारा, पुढच्या सीझनला मी पहिला का दुसरा. उत्तर 'दुसरा' आलं तरी घर गाठू नका. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचे कोचिंगचे कोर्स असतात, डी लायसन्सपासून सुरुवात होते, गोलकीपर कोचचे वेगळे असतात. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, ऑफिसात चौकशी केलीत तर पुढचा कोर्स कधी ते कळेल. कोल्हापुरात पेठेपेठेत टीम आहेत, पण गोलकीपरला गोलकीपरनं शिकवायची सोय किती ठिकाणी आहे? बहुतेक पोरं बाजूला उभी राहून शूटिंग झेलत शिकतात. तुम्हीही तसेच शिकला असणार.

त्या एकोणीस वर्षांच्या पोरापासून सुरुवात करा. तो तुमची जागा घ्यायला आलाय खरा, पण येत्या सीझनला कधीतरी त्याच्याही डोक्यावरनं एक बॉल जाईल आणि त्याचाही व्हिडिओ फिरेल. त्या रात्री त्याच्या घरी जाऊन बसणारा माणूस पेठेत तुमच्याशिवाय दुसरा कोणी नाही. रविवारी सकाळी ग्राउंडवर अर्धा तास आधी जा, त्याला समोर उभा करा आणि जवळून, जोरात, छातीच्या उंचीला पन्नास बॉल मारा. ढकलू देऊ नका, धरायला लावा.

तुमच्या मूळ, पूर्ण पत्रात तीन ठिकाणी त्याचा उल्लेख आहे, तिन्ही ठिकाणी 'तो पोरगा'. पुढच्या पत्रात त्याचं नाव लिहा.